बार्शी लाईट ग्लासगोला

गुरुवार

आमची छोटी मॉडेल रेल्वे प्रदर्शनाला नेताना व्हॅन भरायचा क्रम गॅरेजच्या भिंतीवर लिहून चिकटवलेला आहे. आधी पाय आणि आडवे दांडे, मग काळे पडदे आणि दिव्यांची पट्टी, मग रूळ आणि देखावा बसवलेले सहा बोर्ड जोडीजोडीने तोंडाला तोंड लावून, शेवटी हत्यारांची पेटी आणि चहाची किटली. किटली शेवटी चढते, म्हणजे उतरताना पहिली उतरते. हा नियम नवऱ्याचा. तो डर्बीत विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि जमिनीवरून चालणाऱ्या कशालाही मनातून वाहन मानत नाही. पण भाड्याची मोठी व्हॅन चालवायला आमच्यात तोच धजतो.

मॉडेल रेल स्कॉटलंड हे प्रदर्शन फेब्रुवारीच्या अखेरीस ग्लासगोत क्लाइड नदीकाठच्या एसईसी केंद्रात भरतं, शुक्रवार ते रविवार. इकडच्या प्रदर्शनांचा रिवाज साधारण असा: आयोजक व्हॅनचं भाडं, डिझेल आणि हॉटेलच्या खोल्या देतात, मानधन कुणालाच नसतं. विजेच्या प्रत्येक वस्तूवर सुरक्षा-तपासणीचं लेबल हवं आणि विम्यासाठी लेआउटची, म्हणजे रूळ-स्टेशनासकट मांडलेल्या छोट्या रेल्वेची, किंमत आधी कळवावी लागते. ही किंमत लिहिताना मी दर वेळी अडते. लाकूड, रूळ, मोटारींचा हिशेब लागतो. रात्री जागून चिकटवलेल्या बाभळींना काय भाव लावायचा?

लेआउटचं नाव बाभूळवाडी. हे स्टेशन नकाशावर शोधू नका, ते कुर्डुवाडी आणि पंढरपूरच्या मध्ये कुठेतरी आहे असं मी ठरवलं आहे. बार्शी लाईट रेल्वे मात्र शंभर टक्के खरी. रुळांतलं अंतर अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडीहून, तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीला पहिली गाडी गेली. पुढे फाटे पंढरपूर आणि लातूरला पोचले, १९२७ ला मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. कंपनी लंडनची, १९५४ साली ती सरकारकडे आली. माझं माहेर बार्शीचं, त्यामुळे लहान गाडीचे शेवटचे दिवस मी पाहिलेत. पण लेआउटवरचा काळ १९३०च्या दशकातला आहे, कारण मला किटसन कंपनीची जुनी इंजिनं हवी होती.

माप चार मिलिमीटरला एक फूट, म्हणजे खऱ्याच्या सुमारे एक छेद शहात्तर. रूळ नऊ मिलिमीटरचे. या मापाला इथे डबल-ओ-नाइन म्हणतात. काटेकोर हिशेब केला तर नऊ मिलिमीटरचे सव्वादोन फूट होतात, अडीच नव्हे. पण एन गेजच्या, म्हणजे नऊ मिलिमीटर रुळांच्या मापाच्या, तयार मोटारी आणि चाकं त्यावर बसतात, म्हणून या छंदातले सगळेच तिथे डोळेझाक करतात. समोर दिसणारे चार बोर्ड चार-चार फुटांचे. दोन्ही टोकांना पडद्याआड एकेक फिडल यार्ड, तिथून गाड्या निघतात आणि तिथेच गडप होतात.

आम्ही चौघं. मी, नवरा, क्रू गावच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटरकाका (इंग्रजच आहेत, पण नवऱ्याने त्यांना काका केलंय आणि त्यांना ते आवडलंय) आणि क्लबातला एक कॉलेजचा मुलगा, जो सबंध प्रवासात कानातले हेडफोन काढत नाही पण सांधे बदलण्यात आमच्यात सर्वांत चपळ आहे.

स्टोकला एम-६ हमरस्ता लागला की मग उत्तरेकडे सरळ. टेबेला थांबलो. डोंगरातल्या एका शेतकरी कुटुंबाने १९७२ साली काढलेला हा थांबा अजून त्याच घराण्याकडे आहे आणि हमरस्त्यावरच्या खाण्याविषयीचं माझं मत तिथे दर वेळी थोडं सुधारतं. तरी आम्ही डबाच उघडला. सोलापुरी कडक भाकरी आठवडाभर टिकते, शेंगाचटणी महिनाभर, आणि दोन्हींना मायक्रोवेव्ह लागत नाही. टेबेच्या अलीकडे लून नदीच्या खिंडीत रस्ता आणि रेल्वे अगदी शेजारून जातात. काकांनी बोट दाखवून सांगितलं, की वाफेच्या काळात इथे मागून ढकलायला जादा इंजिन लावत. पुढे शॅपचा चढ, ७५ फुटांत एक फूट. मी म्हटलं, आमच्या बोरघाटात ३७ फुटांत एक आहे, तोही १८६३ पासून. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढे स्कॉटलंडातल्या बीटॉकपर्यंत बोलले नाहीत.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा चार वाजले होते. कुठे जहाजाएवढं लेआउट जोडलं जात होतं, कुठे एक म्हातारा एकटाच बुटाच्या खोक्याएवढं स्टेशन टेबलावर ठेवून मोकळा झाला होता. त्याचा मला मनापासून हेवा वाटला. थंड व्हॅनमधून गरम हॉलमध्ये आणलेल्या रुळांवर दव धरतं, तेव्हा बोर्ड उभे करून, खुंट्या बसवून, पाणसळ लावून आधी अर्धा तास नुसतं थांबायचं. किटली तेवढ्यासाठीच पहिली. मग तारा, दिवे, रुळांवर अल्कोहोलचं फडकं. साडेसातला पहिलं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न अडखळता गेलं.

बाहेर नदीकाठी फिनिस्टनची प्रचंड क्रेन उभी आहे, १९३०च्या दशकारंभीची, १७५ टन उचलणारी. ग्लासगोतल्याच स्प्रिंगबर्नच्या कारखान्यांतली रेल्वे इंजिनं रस्त्यावरून ओढत इथे आणत आणि जहाजांवर चढवत. तिच्याखाली उभं राहून चौघांनी चिप्स खाल्ले. वारा असा की व्हिनेगर शेजाऱ्यावर उडत होतं.

शुक्रवार

पहिल्या दिवशी जाणते लोक येतात. निवृत्त, हातात पिशवी, डोळ्यांवर दुहेरी चष्मा. गर्दी कमी, प्रश्न अवघड. दार उघडून वीस मिनिटं झाली नाहीत तोच मालधक्क्याच्या सांध्याची पट्टी सुटली. काका लेआउटखाली आडवे झाले, मुलाने टॉर्च धरला, आणि मी पुढे उभी राहून बाभूळवाडीत आज मालगाडी का नाही याची कहाणी सांगितली. सोल्डर होईपर्यंत मुख्य रुळावर एक डब्यांची गाडी इकडून तिकडे फिरत राहिली. काकांचा दंडक आहे: रुळावर दोन मिनिटं काही हललं नाही तर तिसऱ्या मिनिटाला समोर कुणी नसतं. हे मला नवं नाही. गणपतीत हलता देखावा आणि नुसती मूर्ती यांच्यापुढच्या रांगा मी लहानपणापासून पाहिल्या आहेत.

आमचे कंट्रोल समोरच्या बाजूला आहेत. बहुतेक लेआउट मागून चालवतात. पडद्याआड माणसं सँडविच खात आपसांत कुजबुजतात आणि पाहणाऱ्यांकडे त्यांची पाठ असते. मला ते पटत नाही. माणूस तिकीट काढून आलाय, त्याला विचारायचंय. समोर उभं राहिलं की एक हात कंट्रोलरवर आणि तोंड लोकांकडे, त्यात कधी गाडी फलाट सोडून पुढे जाते, तेवढं चालतं.

विचारतात ते मात्र नवऱ्याला. "तुम्ही हे किती वर्षं करताय?" तो चहाचा कप दाखवून माझ्याकडे मान वळवतो. मग माझ्याकडे पाहून, "अरे वा, मग झाडं तुम्ही केलीत वाटतं!" झाडं मी केलीत. वायरिंगही मी केलंय.

काळ्या मातीने बऱ्याच जणांची फसगत होते. एकाने विचारलं, हे कोळशाचं यार्ड आहे का? टाइल्सच्या फटींत भरायच्या काळ्या पुडीत तपकिरी रंग मिसळून, ओली असताना सुईने भेगा पाडून केलेलं सोलापूर जिल्ह्यातलं रान आहे ते. आणि मग तो प्रश्न, जो इथे भारताचं लेआउट घेऊन येणाऱ्याला चुकत नाही: छतावर माणसं का नाहीत? मी सांगते की डब्यांत जागा आहे. यात्रेची गाडी मात्र आहे. यात्रेच्या गर्दीत मालडब्यांतूनही यात्रेकरू नेण्याचा त्या काळी देशभर रिवाज होता, म्हणून आमच्या सहा बंद डब्यांची दारं उघडी आहेत आणि आत सव्वादोन सेंटिमीटरचे वारकरी दाटीने उभे आहेत. बाजारात मिळतात ते पुतळे युरोपी. हॅट कापायची, पुट्टीचं पागोटं बांधायचं, पाटलोणीवर पातळ कागद गोंदात भिजवून धोतर नेसवायचं. बायकांची लुगडी त्याच कागदाची. टाळ मात्र जमले नाहीत, ते हातांत आहेत असं समजायचं.

दुपारी एक गृहस्थ बराच वेळ इंजिनाकडे बघत उभे होते. आठ जोडचाकं आणि मागे चार छोटी असलेलं किटसनचं टाकीवालं इंजिन. म्हणाले, "हे मॅनिफोल्डच्या इंजिनांचं भावंड दिसतंय." मला टाळी द्यावीशी वाटली. लीक अँड मॅनिफोल्ड ही स्टॅफर्डशरमधली अडीच फुटी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, १९३४ ला बंद पडली, आता त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. तिची दोन इंजिनंही लीड्सच्या किटसनचीच, आणि तिच्यामागे डोकंही तेच होतं जे बार्शी लाईटच्या मागे होतं: एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा विचार साधा. इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आसावर सारखाच आणि जेमतेम पाच टन भार टाकायचा, म्हणजे यार्डाला (तीन फुटांना) तीस पौंडांचे हलके रूळही गाडी पेलतात आणि रेल्वे स्वस्तात पडते. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला तात्पुरता रूळ टाकून त्याने ही वाहनं जाणकारांना चालवून दाखवली होती. म्हणजे बार्शी लाईटचं पहिलं प्रदर्शन इंग्लंडातच झालं, बार्शीकरांनी गाडी पाहण्याआधी.

त्या गृहस्थांनी जाता जाता सांगितलं, की याच कॅलथ्रॉपने पुढे विमानांसाठी पॅराशूट काढलं. नाव 'गार्डियन एंजल'. त्याचा मित्र, रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स, १९१० साली बोर्नमथला विमान कोसळून गेला, त्यानंतर तो या कामाच्या मागे लागला. हे मला माहीत होतं. नवऱ्याला नव्हतं. रोल्स हे नाव ऐकल्याबरोबर किटली खाली ठेवून तो लेआउटजवळ आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या इंजिनाकडे वाकून पाहिलं.

शनिवार

शनिवार म्हणजे मुलं. साडेदहापासून कठड्याला नाकं लागलेली. आमचं लेआउट जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे. उंच माणसांच्या पाठी दुखतात आणि लहानांना तरी डोळे वर करावे लागतात, म्हणजे कुणाचंच समाधान नाही. स्वतःचं स्टूल आणणारे आईबाप मला देवासारखे वाटतात. मुलांसाठी एक कार्ड छापलंय: विहिरीवरचं रहाटगाडगं, कुंभाराचं गाढव, छपरावर चढलेली शेळी, स्टेशनमास्तरची वाळत घातलेली बंडी शोधा. एरवी दोन मिनिटं न थांबणारं पोर शेळीसाठी पंधरा मिनिटं थांबतं. आणि गाडी थांबलेली त्याला खपत नाही. "व्हाय इज इट नॉट गोइंग?" हा प्रश्न ग्लासगोच्या उच्चारात मी दिवसभर ऐकला. आमचा कॉलेजचा मुलगा मग इंजिन सोडतो, जरा जास्तच सोडतो, मालगाडी बाभूळवाडीतून डेक्कन क्वीनच्या थाटात जाते आणि पोरं टाळ्या वाजवतात.

खऱ्या बाभूळवाडीत दिवसाकाठी मोजक्या गाड्या आल्या असत्या. इमानाने दाखवायचं तर लोकांना रिकामा फलाट, एक झोपलेलं कुत्रं आणि पिंपळाखाली वाट बघणारी सात माणसं एवढंच बघायला मिळेल. म्हणून आम्ही कार्डांवर वेळापत्रक लिहिलंय: पंढरपूर पॅसेंजर, ज्वारीची मालगाडी, मिश्र गाडी, यात्रा स्पेशल, पुन्हा पॅसेंजर. सगळा दिवस पाऊण तासात संपतो आणि नव्याने उगवतो.

दुपारी तीनच्या गर्दीत मागून मराठी ऐकू आलं. "अहो, पंढरपूर लिहिलंय!" ग्लासगोतलं कुटुंब, मूळचं लातूरचं, नवरा-बायको, त्यांचा मुलगा, आणि जावयाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, पायांत बूट, अंगावर नऊवारी आणि त्यावर जावयाचा फुगीर कोट. जावईबापूंनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"ताई, याचे किती मिळतात?"

"काही नाही."

"म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च?"

"तेवढा मिळतो."

"आणि रजा?"

"आमचीच."

ते नवऱ्याकडे वळले. नवऱ्याने त्यांना चहा दिला आणि पॅराशूटची गोष्ट सांगायला घेतली. सकाळपासून तो ती प्रत्येकाला सांगत होता. रोल्सचं विमान कोसळताना हाताने खूणही करायचा.

सासूबाई मात्र कठड्याला टेकून बघत राहिल्या. यात्रा स्पेशल आली, गेली. मी विचारलं, "काकू, बसला होतात कधी?"

"बसले म्हणजे? लग्न होऊन त्याच गाडीने आले." मग जरा थांबून, "पण ही फार पळतीय गं. एवढी नव्हती पळत ती. आमचे मामा खाली उतरून पानाला चुना लावून परत चढायचे."

मामांचं पान ही थाप असेल. लहान गाड्यांबद्दल प्रत्येक गावात अशी एक असतेच. पण पळण्याबद्दल त्यांचं खरं होतं, आणि मी काकांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. ताशी १५ मैल म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर, भागिले ७६, सेकंदाला नऊ सेंटिमीटरसुद्धा नाही. समोरचे सोळा फूट पार करायला पंचावन्न सेकंद. आमच्या मुलाची मालगाडी ते सतरा सेकंदांत करत होती.

रात्री हॉटेलात यावरच वाद. मुलगा म्हणाला, एक मिनिट कोण बघणार? काका म्हणाले, जो बघणार नाही तो गाडी बघायला आलेलाच नव्हता. हेच काका काल दोन मिनिटांचा दंडक सांगत होते. मी भाकरी काढली. नवरा झोपला होता.

रविवार

सकाळी पहिला तास खऱ्या वेगाने चालवायचं ठरलं. बोलायला सोपं आहे. इंजिन पळतं तेव्हा रुळावरचा कचरा, सांध्याच्या जिभेवरचा वीज न पोचणारा टप्पा, सगळं वेगाच्या भरात निघून जातं. सेकंदाला नऊ सेंटिमीटरवर प्रत्येक कण जाणवतो. दार उघडायच्या आधी मी सगळा रूळ पुन्हा पुसला, सहाही डब्यांची चाकं घासली आणि दोन्ही इंजिनं उलटी करून त्यांच्या पोटातले केस काढले. हे केस कुठून येतात हे कोडं कुणालाही सुटलेलं नाही. आमच्या घरात मांजर नाही.

मग यात्रा स्पेशल सोडली. ती पडद्याआडून निघाली, बाभळींमागून दिसली, ओढ्यावरच्या पुलावर आली. मुलं अपेक्षेप्रमाणे शेजारच्या लेआउटकडे पळाली, तिथे निळी एक्सप्रेस गरगर फिरत होती. मोठी माणसं थांबली. गाडी संथ असली की डोळा डब्याच्या आत जातो. काल कुणाला न दिसलेला वीणेकरी आज तिघांनी बोट करून दाखवला. एक बाई म्हणाल्या, "त्या तिथली बाई दारातून खाली पडणार." पडणार नाही, तिच्या पायाला पिन आहे.

शेवटी तह झाला. यात्रा स्पेशल आणि पॅसेंजर खऱ्या वेगाने, मालगाडी मुलाच्या मर्जीने. हे इतिहासाला धरून नाही. पण कठड्याजवळ दोन्ही वयाची माणसं राहिली, आणि मला विचाराल तर प्रदर्शनात लेआउट कुणासाठी चालवायचं याचं उत्तर त्या कठड्यावरच शोधावं. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथला खेळ ठरलेल्या क्रमाने चालतो, लोक खुर्च्यांवर बसून पूर्ण बघतात. आमच्याकडे लोक चालते असतात. पंचावन्न सेकंद कुणी थांबणं ही इथे मोठी कमाई आहे.

दुपारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा आले. स्प्रिंगबर्नला नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत उमेदवारी केलेले; १९०३ साली तीन कारखाने एकत्र येऊन झालेली ही कंपनी १९६२ साली बुडाली. भारतीय रेल्वेची डब्ल्यूजी इंजिनं १९५० पासून आधी तिथूनच आली. त्यांनी खाली वाकून विचारलं, "हे आमचं?"

"नाही, लीड्सचं."

"हं. लीड्स." एवढं बोलून ते सरळ झाले, आणि डब्ल्यूजीचा बॉयलर किती मोठा होता हे पुढची वीस मिनिटं हात पसरून सांगत राहिले. मी गाडी चालवायची विसरले. कुणी तक्रार केली नाही, सगळे त्यांचंच ऐकत होते.

प्रदर्शन संपल्याची घोषणा झाली, की तीन दिवस कणाकणाने जपलेली गावं अक्षरशः मिनिटांत उचलली जातात. सगळ्यांना व्हॅन एकाच दाराशी आणायची असते. आमचा क्रम भिंतीवरच्याच कागदाचा. किटली बाहेर ठेवून नवरा रांगेत उभ्या दुसऱ्या ड्रायव्हरला पॅराशूट सांगत होता.

सोमवार

बीटॉकला बर्फ, शॅपला पाऊस, टेबेला पुन्हा भाकरी. चटणी संपली होती. काका म्हणाले, ती ३७ फुटांत एक फूट चढणारी जागा बघायला यायचंय. त्यांना कर्जतला बसवून लोणावळ्यापर्यंत खिडकीतून दाखवायचं कबूल केलं.

काल आवरताना यॉर्कशरमधल्या एका क्लबाचे प्रदर्शनप्रमुख कागद देऊन गेले होते. हे लोक एकमेकांच्या प्रदर्शनांत फिरून पुढच्या वर्षांची लेआउट हेरतात. गाडीत बसून मी तो भरला. लांबी चोवीस फूट, रुंदी दोन फूट. एक विजेचा सॉकेट. व्हॅन एक. ऑपरेटर: तीन, असं लिहिलं.

"चार," गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला.

मी तीन खोडून चार केले. पुढचा प्रश्न जेवणाचा होता, शाकाहारी किती.

"तीन," मागून काका म्हणाले, "भाकरी मिळणार असेल तर."